वावरातून सेमिनरीत : थिऑलॉजीला निघालेल्या नव्या मुलामुलींसाठी

मी बी.डी.ला चाललोय असं सांगितलं तेव्हा घाटंजीच्या एस.टी. स्टँडवर ओळखीच्या एका काकांनी विचारलं, "मंग बीडीओ होशीन का तू?" त्यांना वाटलं पोरगा पंचायत समितीत लागणार. घरी तरी कुठे स्पष्ट होतं? बाबांच्या मते मी पाळक, म्हणजे चर्चचा पास्टर, होणार होतो, आईच्या मते मी फक्त लांब जाणार होतो. आणि मला स्वतःला बी.डी. म्हणजे 'बॅचलर ऑफ डिव्हिनिटी' एवढंच ठाऊक होतं, तेही फॉर्मवर छापलेलं होतं म्हणून.

या अज्ञानापायी माझं एक अख्खं वर्ष वाया गेलं. कसं, ते दुसऱ्या पायरीत सांगतो. आमच्याकडे इंजिनीअरिंगला जाणाऱ्या पोराला सल्ला द्यायला गल्लीत दहा जण असतात. थिऑलॉजीला जाणाऱ्याला "प्रार्थना कर, देव मार्ग दाखवेल" असं सांगून मोकळं होतात. प्रार्थना कराच. पण टी.सी. कुठून काढायची, ते देव सांगत नाही.

मी प्रोटेस्टंट घरातला, म्हणून बरंचसं त्याच वाटेचं लिहिलंय. कॅथलिक मित्रांकडून जे नीट समजलं तेही जागोजागी घातलंय.

१. आधी ठरवा : पाळक व्हायचंय की विषय शिकायचाय?

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांची कॉलेजंही वेगळी आहेत.

सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, शिकवतात ती थिऑलॉजी, म्हणजे ईश्वरविज्ञान. तिथे विश्वासाच्या आत उभं राहून विचार करायचा असतो : आपण देवाविषयी जे बोलतो त्याला आधार काय, पवित्र शास्त्र कसं तयार झालं, ते आजच्या माणसाला काय सांगतं. सोबत उपदेश, समुपदेशन, मंडळी (म्हणजे एका चर्चचे सगळे सभासद) चालवणं हे व्यावहारिक शिक्षणही असतं. विद्यापीठातला धर्माचा अभ्यास मात्र बाहेर उभं राहून करायचा. लोक पोहरादेवीला पायी का जातात, ताजबागेच्या उरुसात हिंदू का दिसतात, दीक्षाभूमीने नागपूरचं काय बदललं, असे प्रश्न तिथले. त्यासाठी बाप्तिस्मा लागत नाही आणि पाळकाची चिठ्ठीही लागत नाही.

ख्रिस्ती धर्माच्या अभ्यासाचे स्वतंत्र विभाग मद्रास विद्यापीठात आणि म्हैसूर विद्यापीठात आहेत. माझ्या एका बौद्ध मित्राला धर्मांचाच अभ्यास करायचा होता. तो माझ्यासोबत सेमिनरीचा फॉर्म भरायला निघाला होता. त्याला मी तिथूनच परत पाठवलं आणि नागपूर विद्यापीठाच्या पाली-प्राकृत विभागाची वाट दाखवली. आजही तो माझे उपकार मानतो.

कॅथलिक मुलांना धर्मगुरू व्हायचं असेल तर वाट अगदीच निराळी. तिथे कॉलेज तुम्ही निवडत नाही. आधी धर्मप्रांत किंवा एखादा धर्मसंघ तुम्हाला निवडतो, आणि पुढे कुठे पाठवायचं ते तेच ठरवतात. आधी तत्त्वज्ञान, मग मध्ये काही काळ प्रत्यक्ष काम, मग थिऑलॉजी. सात-आठ वर्षांपेक्षा कमी धरूच नका. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर आपण फिरायला जातो, त्या टेकडीला ते नाव तिथल्या सेंट चार्ल्स सेमिनरीवरून पडलंय. हे नागपूरच्या कित्येक लोकांनाही माहीत नसतं.

मुलींनी इथे थांबून एक गोष्ट वाचावी. सी.एन.आय.मध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंटांचं एक मोठं चर्च) स्त्रियांना पाळक म्हणून दीक्षा मिळते. कॅथलिक चर्चमध्ये मिळत नाही, पण सिस्टर्स आणि सामान्य विश्वासी स्त्रिया थिऑलॉजी शिकतात आणि शिकवतातही. "पोरीनं शिकून का करन?" असं कुणी म्हटलं तर वाद घालू नका. फॉर्म भरा.

२. मान्यता : इथेच माझं वर्ष बुडालं

बारावीनंतर मी एका 'बायबल कॉलेज'मध्ये गेलो. नाव सांगत नाही. भाड्याची इमारत, समोर मोठा फ्लेक्स, त्यावर 'इंटरनॅशनल' हा शब्द, आणि राहणं-जेवण फुकट. आम्ही सतरा पोरं होतो. शिकवणारे मनाने चांगले होते. सकाळी वचन, दुपारी आवाराचं काम, संध्याकाळी गाणी. वर्षाच्या शेवटी रंगीत सर्टिफिकेट मिळालं. ते घेऊन मी पुण्याच्या एका सेमिनरीत गेलो, तर तिथल्या कार्यालयातल्या बाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "याला संलग्नता कोणाची?" मला संलग्नता हा शब्दच नवा होता.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून नीट समजून घ्या.

आपल्या देशात प्रोटेस्टंट थिऑलॉजीच्या पदव्यांचं सगळ्यात जुनं घर म्हणजे सेरामपूर. कोलकात्याजवळच्या त्या गावी कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी १८१८ साली कॉलेज काढलं. गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं, म्हणून १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्याला पदव्या देण्याची सनद दिली. पुढे १९१८ मध्ये बंगालच्या कायद्याने तो अधिकार पक्का झाला. हाच तो विल्यम कॅरी, ज्याने १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं. देशभरातली बरीच थिऑलॉजिकल कॉलेजं आज या सेरामपूरच्या सिनेटशी संलग्न आहेत. शिकायचं आपल्या कॉलेजात, पदवी मात्र सिनेटची. जुन्या मंडळ्या पाळक घेताना बहुतेक वेळा हीच पदवी विचारतात.

दुसरा प्रकार म्हणजे एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता. ही सेमिनरींनीच एकत्र येऊन उभी केलेली दर्जा तपासण्याची व्यवस्था आहे. अनेक चांगल्या सेमिनरी तिच्यात आहेत. पण ती सरकारी मान्यता नव्हे, हे डोक्यात ठेवा.

तिसरा प्रकार म्हणजे कुणाचीच मान्यता नाही. अशा ठिकाणी काही शिकायला मिळत नाही असं मी म्हणणार नाही. मला स्वतःला तिथेच पहिल्यांदा बायबल सलग वाचायची सवय लागली. पण पुढे शिकायचं असेल तर तो कागद चालत नाही.

प्रवेशाआधी कॉलेजला हे प्रश्न लेखी विचारा आणि उत्तर लेखीच मागा :

– पदवी कोणाच्या नावाने मिळते? तुमच्या, सिनेटच्या की आणखी कोणाच्या?
– संलग्नता याच कोर्सला आहे की फक्त कॉलेजला? (एकाच कॉलेजात एक कोर्स संलग्न आणि दुसरा बिनसंलग्न असू शकतो.)
– या पदवीवर पुढे एम.टीएच. (मास्टर ऑफ थिऑलॉजी) करता येईल का?
– मध्येच सोडलं तर काय मिळेल?

"अहो, देवाच्या कामाला सर्टिफिकेट कशाला लागतं?" असं कुणी उलट विचारलं तर तिथून निघा.

आणखी दोन सापळे. पहिला, पैसे भरून घरबसल्या मिळणारी 'डॉक्टरेट'. आमच्या भागात दहावी नापास झालेले दोन 'डॉक्टर' मला व्यक्तिशः माहीत आहेत. विद्यापीठ अनुदान आयोग बोगस विद्यापीठांची यादी जाहीर करतो, ती एकदा पाहून घ्या. दुसरा सापळा जास्त गंभीर. बी.डी. झाली की स्पर्धा परीक्षेला किंवा कुठल्याही विद्यापीठात एम.ए.ला चालेल, असं गृहीत धरू नका. जिथे वापरायची आहे तिथेच विचारा. माझा प्रामाणिक सल्ला असा की जमलं तर आधी तालुक्याच्या कॉलेजातून बी.ए. करून घ्या, नाहीतर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून करा. वाया गेलेल्या वर्षानंतर मीही तेच केलं. बी.डी. पदवीधरांना साधारण चार वर्षांची आणि बारावीनंतर येणाऱ्यांना साधारण पाच वर्षांची असते. म्हणजे बी.ए.मुळे वेळ थोडा जास्त जातो, पण हातात दोन पदव्या येतात. पाळकपण नाही जमलं तरी माणूस उघड्यावर पडत नाही.

३. कॉलेज कुठे

आपल्याला जवळचं केंद्र म्हणजे पुणे. तिथे युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी आहे आणि कॅथलिकांचं ज्ञानदीप विद्यापीठ आहे. ज्ञानदीपचं मूळ १८९३ साली श्रीलंकेतल्या कँडीला सुरू झालेल्या सेमिनरीत आहे, १९५५ मध्ये ती पुण्याला आली.

युनियन बिब्लिकलची गंमत तर आपल्या घरचीच. ती १९५३ साली सुरू झाली ती यवतमाळला! तीस वर्षं तिथे राहून १९८३ मध्ये पुण्याला गेली. हे मी पुण्यातल्या एका वाचनालयात बसून वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत बसलो. जे शिकायला मी रात्रभर महाराष्ट्र एक्सप्रेसच्या जनरल डब्यात उभा राहून आलो होतो, ते एके काळी माझ्याच जिल्ह्याच्या गावी शिकवलं जायचं.

गोंदिया, भंडारा, नागपूरच्या मुलांना जबलपूर जवळ पडतं. तिथे मेथडिस्टांचं (हाही प्रोटेस्टंटांतलाच एक पंथ) लेनर्ड थिऑलॉजिकल कॉलेज आहे, सेरामपूरशी संलग्न. भोवतालची भाषा हिंदी असल्याने बाजारात आणि बसमध्ये आपल्याला अडत नाही. त्यापुढे बेंगळुरू, चेन्नई, कोलकाता. बेंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजचं नाव मोठं आहे, पण खर्च आणि अंतर दोन्ही पाहून घ्या.

घर सोडणं शक्यच नसेल, म्हणजे आई-वडील थकलेले, वावर एकट्यावर, तर दूरशिक्षण आहे. सेरामपूर सिनेटचे बाहेरून करता येणारे ख्रिस्ती अभ्यासक्रम आहेत, आणि बेंगळुरूची टाफ्टी ही संस्था खास याच कामासाठी आहे. आमच्या मंडळीतल्या एका शिक्षिकेने असंच घरून शिक्षण घेतलं. शाळा, स्वयंपाक आणि रात्री दहानंतर अभ्यास. त्यांच्याइतकं नीट वाचलेला माणूस मला हॉस्टेलातही फार भेटला नाही.

४. मंडळीची शिफारस

बहुतेक सेमिनरी मंडळीच्या शिफारशीशिवाय अर्ज पुढे सरकवत नाहीत. सी.एन.आय.मध्ये पास्टरेट कमिटीकडून (स्थानिक मंडळीची समिती) सुरुवात होऊन अर्ज डायोसिसपर्यंत (बिशपच्या हाताखालचा प्रांत) जातो. मेथडिस्टांत डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडेंटला भेटावं लागतं. स्वतंत्र मंडळ्यांत सगळा कारभार पाळकाच्या सहीवर असतो.

यात वेळ लागतो. कमिटीची बैठक महिन्यातून एकदा, तीही कोरम झाला तर. मार्चमध्ये सही हवी असेल तर नाताळाआधी अर्ज द्या.

शिफारस आणि स्पॉन्सर या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिफारस म्हणजे "हा मुलगा आमचा, चांगला आहे." स्पॉन्सर म्हणजे फी आम्ही भरतो आणि शिकून झाल्यावर तू आमच्याकडे काम करशील. पुष्कळदा त्यासाठी करार असतो. तो नीट वाचा : किती वर्षं काम करायचं, पगार किती, मध्येच शिक्षण सोडलं तर पैसे परत करायचे का. मोठ्यांसमोर वाचत बसणं बरं दिसत नाही म्हणून मी न वाचता सही करणार होतो. बाबा आठवी शिकलेले. त्यांनी कागद ओढून घेतला आणि चष्मा लावून पूर्ण वाचला. सोसायटीच्या कर्जाचे कागद वाचून वाचून त्यांना ती सवय लागली होती.

मंडळीत भांडणं असतात, दोन गट असतात, हे मी सांगायला नको. तुमची शिफारस त्यात अडकू शकते. कोणत्याही गटाकडून भांडू नका. वर्षभर संडे स्कूल घ्या, तरुण संघात काम करा, दुखवट्याच्या घरी बसायला जा. मग विरोधी गटातली म्हातारी माणसंही "पोरगं कामाचं हाय" म्हणून सही करतात.

५. कागदपत्रं

एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये हे सगळं ठेवा, प्रत्येकाच्या चार झेरॉक्स काढा आणि मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवा :

– दहावी, बारावीच्या गुणपत्रिका आणि बोर्ड सर्टिफिकेट, पदवी असेल तर तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका
– टी.सी., आणि विद्यापीठ बदलत असाल तर मायग्रेशन
– बाप्तिस्म्याचा दाखला, झालं असेल तर दृढीकरणाचाही (कन्फर्मेशन)
– पाळकाचं आणि मंडळीचं शिफारसपत्र
– मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
– सरकारी दवाखान्यातला तब्येतीचा दाखला
– आधार, बँक पासबुक, पासपोर्ट साइज फोटो (दहा काढा, आठ लागतातच)
– उत्पन्नाचा दाखला, शुल्कसवलत मागायची असेल तर
– तुमची साक्ष (विश्वासाचा अनुभव) आणि पाचारण (देवाने या कामाला बोलावल्याची जाणीव) यांवर स्वतःच्या हाताने लिहिलेली दोन-तीन पानं

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे नाव. शाळेत गुरुजींनी 'दानियल' लिहिलेलं, बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात 'डॅनियल', आधारवर आणखी तिसरंच काहीतरी. माझ्या तर शाळेच्या दाखल्यावर घरातलं हाक मारायचं नाव होतं आणि बाप्तिस्म्याचं नाव फक्त चर्चच्या कपाटात. दोन्ही माणसं मीच आहे हे सिद्ध करायला तहसीलच्या तीन चकरा झाल्या. फरक किरकोळ असेल तर प्रतिज्ञापत्रावर भागतं, मोठा असेल तर राजपत्रात नाव बदलून घ्यावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. आज संध्याकाळीच तुमचे सगळे कागद अंथरुणावर मांडून नावं जुळवून पाहा.

बाप्तिस्म्याचं रजिस्टर सापडत नाही, हाही नेहमीचा प्रकार. जुने पाळक बदलून गेले, कपाटाला वाळवी लागली. अशा वेळी साक्षीदारांच्या सह्यांनी मंडळी पत्र देऊ शकते का, ते कमिटीला विचारा. घाईत मागची तारीख टाकून नवा दाखला बनवून घेऊ नका. धर्मशास्त्र शिकायला जायचं आणि पहिलाच कागद खोटा?

जातीच्या दाखल्याबद्दल लोक दबक्या आवाजात विचारतात, म्हणून उघड लिहितो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, आणि नंतरच्या दुरुस्त्यांनी शीख व बौद्धांना आहे, ख्रिस्ती झालेल्यांना नाही. त्यामुळे अनुसूचित जातीचा दाखला आणि बाप्तिस्म्याचा दाखला एकाच फाइलमध्ये लावलात तर पुढे अडचणीत याल. तुमच्या बाबतीत नेमकं काय लागू होतं ते समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या, गल्लीतल्या वकिलाच्या भरवशावर राहू नका.

६. पैसा आणि पऱ्हाटीचा हंगाम

सेमिनरीची फी बाहेरच्या खासगी कॉलेजांच्या मानाने कमी असते, पण हॉस्टेल आणि मेस धरून वर्षाचा आकडा शेतकऱ्याच्या घराला जडच. त्यातून वेळ चुकीची. वर्ग सुरू होतात जून-जुलैत. घरात तेव्हा बियाणं आणि खत घ्यायलाच पैसे नसतात. कापसाचा पैसा येतो दिवाळीनंतर. हे पुण्या-मुंबईच्या माणसाला समजत नाही, त्याला सांगावं लागतं. मी प्राचार्यांना मराठीतच पत्र लिहिलं : आमचं पीक कधी निघतं, विकलं कधी जातं, आणि मी कोणत्या महिन्यात किती भरू शकेन. त्यांनी हप्ते करून दिले. मागितलं नसतं तर मिळालं नसतं.

बहुतेक सेमिनरींत गरजू मुलांसाठी मदत असते आणि बदल्यात वाचनालयात किंवा बागेत काम दिलं जातं. ते आनंदाने घ्या. अल्पसंख्याकांसाठीच्या सरकारी शिष्यवृत्तीवर मात्र गणित मांडू नका. ख्रिस्ती समाज अल्पसंख्याक यादीत आहे हे खरं, पण तुमचा कोर्स त्या योजनेत बसतो का, हे कॉलेजने लेखी सांगेपर्यंत ते पैसे आलेच नाहीत असं समजा.

सावकाराकडून घेऊ नका. एवढंच.

७. प्रवेश परीक्षा आणि मुलाखत

परीक्षेत साधारण बायबलची माहिती, इंग्रजी आणि एखादा निबंध असतो. बायबलसाठी गाइड नको. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सहासष्ट पुस्तकं एकदा तरी सलग वाचा. गणनेच्या पुस्तकात झोप येईल, हरकत नाही, पुढे चला. कॅथलिक बायबलात त्र्याहत्तर पुस्तकं असतात. त्याचं कारणही शोधून ठेवा, मुलाखतीत हमखास विचारतात.

मुलाखतीत मला विचारलं, "पाचारण झालं म्हणजे नेमकं काय झालं?" मी पाठ केलेली साक्ष सुरू केली : अंधार होता, मग उजेड आला. समोरच्या मॅडमनी हात वर करून थांबवलं आणि म्हणाल्या, "हे सगळेच सांगतात. तुझं सांग." मग मी खरं ते सांगितलं. गावात शेजारच्या काकांनी कर्जापायी विष घेतलं. त्यांच्या मातीला आमच्या पाळकांनी एक वाक्यही धड बोललं नाही, नुसतं एक वचन वाचून गेले. तेव्हा मला वाटलं होतं, इथे काय बोलायचं हे कुणीतरी शिकलं पाहिजे. प्रवेश मिळाला.

८. इंग्रजीची भीती

पुस्तकं इंग्रजीत, व्याख्यानं बहुतेक इंग्रजीत, आणि शेजारी बसणारा मिझोरामचा किंवा केरळचा. पहिले तीन महिने मला निम्मंच कळत होतं. त्यावर उतारा एकच : मराठी आणि इंग्रजी बायबल शेजारी ठेवून रोज एक अध्याय मोठ्याने वाचा, प्रवेशाच्या सहा महिने आधीपासून. मजकूर ओळखीचा असल्याने इंग्रजी आपोआप उलगडतं. 'कव्हनंट' म्हणजे 'करार' हे शब्दकोशातून पाठ केलं तर विसरतो, निर्गमात वाचलं तर विसरत नाही.

९. पहिलं वर्ष : ग्रीक, हिब्रू आणि डळमळणारा विश्वास

ग्रीक-हिब्रूला सगळे घाबरतात. तुम्ही घाबरू नका, मराठी माणसाला इथे चक्क फायदा आहे. ग्रीकमध्ये तीन लिंगं आहेत. इंग्रजीत वाढलेल्या मुलांना ते डोकेदुखी वाटतं, आपण तर लहानपणापासून तो दगड, ती वीट, ते घर म्हणतोय. विभक्ती म्हटलं की ते हबकतात. आपण पाचवीत प्रथमा-द्वितीया घोकलेली असते. हिब्रूत 'तो आला' आणि 'ती आली' यांची क्रियापदं वेगळी असतात, त्यातही आपल्याला काही विशेष वाटत नाही. ग्रीकची चोवीस आणि हिब्रूची बावीस अक्षरं मी जूनच्या सुट्टीत, सरकीची टोबणी करताना, पाठ केली. एका ओळीला एक अक्षर.

आणि एक गोष्ट अशी की जी इंग्रजी पुस्तक तुम्हाला सांगणारच नाही. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत. ग्रीकमध्ये दोन्हींना एकच शब्द. म्हणजे मराठीत भाषांतर करणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी ठरवावं लागतं की ऐकणारा यात आहे की नाही. प्रभूच्या प्रार्थनेत आपण 'आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणतो, 'आपल्या' म्हणत नाही, कारण बोलणं पित्याशीच चाललंय. पण पौलाच्या पत्रांत 'आम्ही' की 'आपण', यावर अख्ख्या परिच्छेदाचा अर्थ फिरतो. माझ्या पहिल्या निबंधाचा विषय हाच होता. वर्गातले हुशार विद्यार्थी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघायला लागले.

आता अवघड भाग. पहिल्याच सत्रात शिक्षक दाखवतात की उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात आणि दुसऱ्या अध्यायात निर्मितीचा क्रम वेगळा आहे. मार्काचं शुभवर्तमान आधीचं असावं आणि मत्तय व लूक यांनी ते समोर ठेवून लिहिलं असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. त्रैक्याचे (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) शब्द ३२५ च्या नायसियाच्या परिषदेपासून पुढे वाद घालून घालून ठरले. गावाकडून आलेल्या पोराच्या पायाखालची जमीन सरकते. आमच्या तुकडीतला एक जण ऑक्टोबरमध्ये बॅग भरून घरी गेला तो परत आलाच नाही.

मी गावच्या पाळकांना फोन केला. तेच, ज्यांच्यावर मी मुलाखतीत टीका केली होती. घाबरत घाबरत सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मलेही शिकवलं होतं हे सगळं. मी कोणाले सांगितलं नाही, लोक घाबरतीन म्हणून. म्हणूनच त्या दिवशी मातीला माह्या तोंडून शब्द निघाला नाही." त्यानंतर आम्ही दर रविवारी रात्री फोनवर बोलायचो. तुम्हीही असा एक माणूस गाठून ठेवा. शिक्षक असेल, जुना विद्यार्थी असेल, कोणीही. शंका वहीत लिहा, रात्री दोनला एकट्याने चघळत बसू नका. आणि शिक्षकांना थेट विचारा, "सर, मग तुम्ही प्रार्थना कशी करता?" बहुतेक जण या प्रश्नाची वाटच बघत असतात.

दुसऱ्या वर्षापासून विषय आपल्या अंगणात येतात. दलित ईश्वरविज्ञानाची सुरुवात सांगताना अरविंद निर्मल यांच्या १९८१ च्या बेंगळुरूमधल्या व्याख्यानाचा उल्लेख होतो, आणि निर्मल मराठी होते. चर्चच्या इतिहासात सी.एन.आय.चं नाव येतं, तिची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला झाली. राष्ट्रीय चर्च परिषदेचं मुख्य कार्यालयही नागपुरातच आहे. इतर धर्मांच्या पेपरला पुण्याची मुलं पुस्तकं शोधत फिरतात. तुम्ही गुरुकुंज मोझरीला सामुदायिक प्रार्थनेत बसलेला असता, शेगावच्या वारीला पाणी वाटलेलं असतं. ते लिहा. तळटीप मात्र नीट द्या आणि नेटवरून उचलू नका, पकडलं की थेट शून्य.

१०. पहिल्या सुट्टीत गावी

गावी पाय ठेवला की रविवारी उपदेशाला उभं करतात. पूर्वतयारी ठेवा. मी पहिल्या सुट्टीत ग्रीकचे चार शब्द फेकले, नायसिया सांगितलं, उत्पत्तीचे दोन अध्यायही काढले. पंचेचाळीस मिनिटं. बाहेर आल्यावर एका आजीने माझा हात धरला आणि म्हणाल्या, "लय शिकला बाप्पा तू. पण माह्या पायासाठी प्रार्थना करायची राहूनच गेली."

तेव्हापासून मी उपदेश बारा मिनिटांचा ठेवतो आणि आधी आजींना विचारून घेतो.